समजून घ्या : 'आशा' येण्याच्या कितीतरी आधी वढू बुद्रुकमध्ये डॉ. बानू कोयाजींनी काय केलं होतं?

चाकण-शिक्रापूर रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्यांना वढू बुद्रुक हे नाव नवीन नाही. छत्रपती संभाजी महाराजांची समाधी असलेलं हे गाव नगर रस्त्यावर कोरेगाव भीमाला आत वळलं, की थोड्याच अंतरावर लागतं. पण या गावाची आणखी एक ओळख आहे आणि समाधीचं दर्शन घेऊन परत फिरणाऱ्या बहुतेकांना ती माहीत नसते. आज पिंपरी-चिंचवडच्या वस्त्यांत आणि चाकण, महाळुंगे, कुरुळीच्या भाड्याच्या खोल्यांत आशाताई जे काम करतात, तशाच प्रकारचं काम १९७०च्या दशकात इथे करून पाहिलं गेलं. ते करणारी माणसं सरकारी खात्याची नव्हती. पुण्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयाने ते अंगावर घेतलं होतं आणि त्या रुग्णालयाच्या प्रमुख होत्या डॉ. बानू जहांगीर कोयाजी.

कोयाजींचं निधन होऊन दोन दशकं उलटली आहेत. पुण्यात त्यांचं नाव आजही आदराने घेतलं जातं, पण ते बहुतेक वेळा केईएम रुग्णालय मोठं करणाऱ्या डॉक्टर म्हणून. ते खरंच आहे. पण आरोग्य कार्यकर्तीला शिकवायचं कसं, तिच्या पाठीशी उभं राहायचं कसं, हा प्रश्न आज ज्यांना पडतो त्यांच्यासाठी त्यांच्या आयुष्याचा दुसरा भाग जास्त कामाचा आहे. म्हणून हा लेख.

मुंबईत जन्म, पुण्यात संसार

बानू कोयाजींचा जन्म १९१७ मध्ये मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. वडील इंजिनीअर. मुंबईतच त्यांनी वैद्यकीय शिक्षण घेतलं आणि स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रात एम.डी. केलं. त्या काळी मुलीने डॉक्टर होणं ही पारशी समाजात अगदी अपूर्व गोष्ट नव्हती, पण सोपीही नव्हती. पुढे जहांगीर कोयाजी या इंजिनीअरशी लग्न झालं आणि त्या पुण्याला आल्या. जहांगीर यांचे भाऊ डॉ. एदलजी कोयाजी पुण्यातले नावाजलेले डॉक्टर होते. त्यांच्याबरोबर बानूबाईंनी काम सुरू केलं. घरगुती दवाखाना, ओळखीचे रुग्ण, शहरातली प्रतिष्ठा, असं सरळ आयुष्य पुढे दिसत होतं.

१९४४ मध्ये ते बदललं. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाला, म्हणजे किंग एडवर्ड मेमोरियल रुग्णालयाला, डॉक्टर हवा होता. १९१२ साली सरदार मुदलियार यांच्या पुढाकाराने सुरू झालेलं हे रुग्णालय तेव्हा जेमतेम चाळीस खाटांचं होतं आणि प्रामुख्याने बाळंतपणं होत. एदलजींच्या आग्रहावरून बानूबाई तिथे गेल्या. वय सत्तावीस. मुख्य वैद्यकीय अधिकारी म्हणून त्यांनी सूत्रं हाती घेतली आणि मग पाच दशकांहून जास्त काळ त्या तिथेच राहिल्या.

हा काळ डोळ्यांसमोर आणायचा तर एक गोष्ट लक्षात घ्या. पिंपरीतली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स अजून जन्मायची होती. ती कंपनी १९५४ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी तिथे पेनिसिलिन बनायला लागलं. त्याआधी बाळंतपणात जंतुसंसर्ग झाला, तर डॉक्टरच्या हातात फार काही नसे. रक्तपेढ्या नव्हत्या म्हटलं तरी चालेल. आज एचएच्या कॉलनीजवळून, पुणे-मुंबई महामार्गावरून जाताना हे सुचतही नाही, पण पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्याची सुरुवातच मुळी औषधाच्या कारखान्याने झाली.

केईएम पुढे पाचशेहून जास्त खाटांचं झालं. संशोधन केंद्र आलं, वेगवेगळे विभाग आले, पदव्युत्तर विद्यार्थी आले. पैसा कसा उभा केला, ट्रस्टी कसे सांभाळले, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. इथे एवढंच पुरे, की १९७० पर्यंत कोयाजींच्या हातात एक चांगलं चालणारं मोठं शहरी रुग्णालय होतं. आता याच रुग्णालयाची मर्यादा त्यांना दिसू लागली होती.

कुटुंब नियोजनाच्या डॉक्टर

त्याआधी एक बाजू सांगायला हवी, कारण ती टाळली तर चित्र अर्धं राहील. कोयाजी कुटुंब नियोजनाच्या खंद्या पुरस्कर्त्या होत्या. सहावं, आठवं, दहावं बाळंतपण घेऊन येणाऱ्या, अंगात रक्त नसलेल्या बायका त्यांनी वर्षानुवर्षं तपासल्या होत्या. रोज वॉर्डात समोर दिसणाऱ्या गोष्टीतून ते मत तयार झालं होतं. लोकसंख्येच्या प्रश्नावर त्यांनी सरकारला सल्ला दिला आणि आंतरराष्ट्रीय पातळीवरही त्यांना या विषयातल्या जाणकार म्हणून मान होता.

पण याच विषयाने आरोग्य कार्यकर्त्यांचं सर्वांत मोठं नुकसानही केलं. आणीबाणीत नसबंदीची उद्दिष्टं देण्यात आली. महाराष्ट्राने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून ते कायदा झालं नाही. १९७७ नंतर केंद्राने कार्यक्रमाचं नावच बदलून कुटुंब कल्याण केलं. नाव बदलून विश्वास परत येत नसतो. दारात आलेल्या आरोग्य कर्मचाऱ्याकडे लोक संशयाने पाहू लागले, आणि गावपातळीवर कार्यकर्त्यांची फळी उभी करण्याचा मोठा सरकारी प्रयत्न नेमका याच काळात सुरू झाला. त्या पिढीतल्या लोकसंख्या नियंत्रणाच्या भाषेत बाई ही अनेकदा आकडा होऊन जायची, हे आज मागे वळून पाहताना स्पष्ट दिसतं. कोयाजींचं वेगळेपण इतकंच, की त्यांचं काम त्या आकड्यापाशी थांबलं नाही.

वढूत नेमकं काय अडत होतं?

केईएमने वढू बुद्रुक परिसरात ग्रामीण आरोग्याचं काम सुरू केलं १९७२ मध्ये. पुण्यापासून हे अंतर तीसेक किलोमीटरचं. आज आपल्याला ते रोजच्या कंपनीच्या बसचं अंतर वाटतं. तेव्हा भीमेकाठची ही गावं पूर्ण शेतीवरची होती, एसटीच्या मोजक्या फेऱ्या आणि पावसाळ्यात चिखल. १९७२ हे महाराष्ट्रातल्या मोठ्या दुष्काळाचं वर्ष, हेही विसरून चालणार नाही.

शहरी रुग्णालयाने गावात दवाखाना काढला, की पहिला अनुभव सगळ्यांचा सारखा असतो. डॉक्टर आहे, औषध आहे, पण ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे ती माणसं येत नाहीत. येतात ती उशिरा. जुलाबाने सुकून गेलेलं मूल चौथ्या दिवशी येतं. दोन दिवस अडलेली बाळंतीण बैलगाडीतून येते. डॉक्टर तिथे जे करू शकतो, ते या टप्प्यावर फार थोडं असतं.

का येत नाहीत, याची कारणं पुढे अभ्यासकांनी नीट मांडली. १९९४ मध्ये सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी मातामृत्यूंचा विचार करताना तीन प्रकारचा उशीर सांगितला. घरात निर्णय घ्यायला होणारा उशीर, दवाखान्यात पोहोचायला होणारा उशीर आणि पोहोचल्यावर उपचार मिळायला होणारा उशीर. सार्वजनिक आरोग्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे आज पाठ असतं. गंमत म्हणजे दवाखाना बांधल्याने यातला फक्त दुसरा आणि तोही थोडासाच कमी होतो. पहिला उशीर घराच्या उंबऱ्याआत असतो. तिथे सासूला, नवऱ्याला, आणि मुख्य म्हणजे त्या बाईला आधीच कुणीतरी सांगितलेलं असावं लागतं, की पाय सुजणं आणि डोकं दुखणं हे गरोदरपणात चालायचंच असं म्हणून सोडून द्यायचं नसतं.

ते सांगणारी व्यक्ती बाहेरची असून भागत नाही. रात्री अकराला तिच्या दाराची कडी वाजवता आली पाहिजे. म्हणून मग गावातलीच माणसं निवडून त्यांना तयार करायचं, हा विचार. देशात तो एकट्या कोयाजींना सुचला होता असं नाही. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी नगर जिल्ह्यात जामखेडला काम सुरू केलं होतं आणि तिथे अक्षरओळख नसलेल्या बायकांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून उभं करून दाखवलं होतं. १९७५ मध्ये श्रीवास्तव समितीने केंद्र सरकारला गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांची शिफारस केली. महाराष्ट्र तेव्हा या बाबतीत देशाची प्रयोगशाळाच होता.

मग वढूचं वेगळेपण काय? जामखेडमध्ये कार्यकर्ते आणि रुग्णालय एकत्रच वाढले. कोयाजींकडे आधी शहरातलं मोठं रुग्णालय होतं आणि त्यांनी त्याला गावाकडे वळवलं. हे जास्त अवघड आहे, असं माझं मत. मोठ्या रुग्णालयाला स्वतःची सवय असते. रुग्णाने आपल्या दारात यायचं, केसपेपर काढायचा, रांगेत बसायचं. त्या सवयीच्या उलट दिशेने, गावातून आलेल्या चिठ्ठीला मान देणारी व्यवस्था उभी करायची, तर वरच्या माणसाचाच हट्ट लागतो. १९९३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार देताना निवड समितीने नेमकं हेच हेरलं होतं. आधुनिक शहरी रुग्णालयाची ताकद त्यांनी ग्रामीण स्त्रिया आणि त्यांच्या कुटुंबांच्या कामी आणली, यासाठी तो सन्मान होता.

प्रशिक्षण म्हणजे काय शिकवायचं?

वढू परिसरातल्या गावांत आरोग्य कार्यकर्त्यांचं जाळं उभं राहिलं ते १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात. त्या काळच्या अशा कार्यकर्त्याच्या पिशवीत काय असायचं, हे पाहिलं तर कामाचा अंदाज येतो. तापाच्या, दुखण्याच्या साध्या गोळ्या, मलेरियासाठी क्लोरोक्विन, लोहाच्या गोळ्या, खरजेचं मलम, जखमेची पट्टी, विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर. आणि एक वही.

सर्वांत मोठं शस्त्र मात्र पिशवीत नव्हतं, ते घरातच होतं. साखर, मीठ आणि उकळून गार केलेलं पाणी. १९७१च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबिस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना सलाईनऐवजी तोंडाने क्षार-साखरेचं पाणी देऊन शेकडो जीव वाचवले होते. ती गोष्ट गावोगावी नेणं हे त्या दशकातलं आरोग्य कार्यकर्त्याचं मुख्य काम ठरलं. त्या वर्षी देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. त्यातली कितीतरी जुलाबाने. जुलाब होणाऱ्या मुलाचं पाणी तोडायचं, हा घरोघरचा समज होता. तो मोडायला डॉक्टरची पदवी लागत नाही, पण शेजारणीचं वजन लागतं.

बाळंतपणासाठी पाच स्वच्छता शिकवायच्या. हात, जागा, पातं, धागा आणि नाळ. सुईणीला हिणवायचं नाही, तिलाच शिकवायचं. कोणती गरोदर बाई जोखमीची, हे ओळखायचं. उंची फार कमी, आधीचं मूल पोटातच गेलेलं, अंगावर सूज, रक्त जाणं. अशी बाई दिसली की तिने काय करायचं, हे पाठ असलं पाहिजे.

खरी कसोटी इथेच असते. ओळखलं, पुढे काय?

मी इंजिनीअरिंग शिकलो, त्यामुळे मला हे कारखान्याच्या भाषेत लवकर कळतं. चाकणच्या कुठल्याही प्लांटमध्ये शिफ्ट बदलताना हँडओव्हर होतो. कोणतं मशीन कुरकुर करतंय, कोणती बॅच थांबवली आहे, हे रजिस्टरमध्ये लिहून पुढच्या माणसाला सांगितल्याशिवाय कुणी गेटबाहेर पडत नाही. आरोग्यात मात्र हा हँडओव्हर बहुधा रुग्णाच्याच डोक्यावर टाकलेला असतो. गावातल्या कार्यकर्तीने पाठवलं, दवाखान्यातल्या डॉक्टरला माहीत नाही. दवाखान्याने मोठ्या रुग्णालयात पाठवलं, तिथे पुन्हा पहिल्यापासून सगळं विचारणार. घरी सोडताना काय सांगितलं, ते गावातल्या कार्यकर्तीला कळतच नाही. सेवांमधला समन्वय म्हणतात तो हाच. ऐकायला हा मोठा शब्द वाटतो, पण त्याचा अर्थ एका माणसाने दुसऱ्याला वेळेत सांगणं एवढाच आहे.

वढूच्या रचनेत ही साखळी एकाच संस्थेच्या हातात होती. गावातली कार्यकर्ती, तिच्यावर देखरेख करणाऱ्या परिचारिका, वढूचं ग्रामीण रुग्णालय आणि पुण्यातलं केईएम. अडलेली बाई थेट पुण्याला आणायची वेळ आली, तरी ती अनोळखी ठिकाणी जात नव्हती. आणि कार्यकर्तीच्या दृष्टीने तर याची किंमत फार मोठी होती. तिने पाठवलेल्या रुग्णाकडे दवाखान्यात दुर्लक्ष झालं, तर गावात तिचा शब्द संपला. पुढच्या वेळी तिचं कोण ऐकणार? म्हणजे तिची पत राखणं, हा प्रशिक्षणाइतकाच महत्त्वाचा भाग होता. आजही आहे.

मग सरकारी योजना का ढेपाळली?

२ ऑक्टोबर १९७७ रोजी केंद्राने देशभर जनस्वास्थ्य रक्षक योजना सुरू केली. हजार लोकवस्तीमागे एक स्वयंसेवक, तीन महिन्यांचं प्रशिक्षण, त्या काळात दरमहा २०० रुपये, नंतर ५० रुपये मानधन आणि थोडी औषधं. पुढच्याच वर्षी सोव्हिएत संघातल्या अल्मा-आता इथल्या परिषदेत जगाने प्राथमिक आरोग्याचा जाहीरनामा स्वीकारला. भारत तेव्हा काळाच्या पुढे होता, असं म्हणायला हरकत नव्हती.

तरीही ही योजना टिकली नाही. निवड झालेल्यांत पुरुष फार. बाळंतपण, स्तनपान, पाळीचे त्रास याबद्दल बाया पुरुषांशी काय बोलणार? निवडीत गावच्या पुढाऱ्यांचा हात. ५० रुपये मानधन, तेही रखडणारं. औषधं संपली की पिशवी रिकामी. अनेकांनी मग इंजेक्शनं देऊन छोटी डॉक्टरकी सुरू केली, काहींनी संघटना करून कायम नोकरीची मागणी केली. स्त्रियांना प्राधान्य द्यायचं, हे १९८१ मध्ये सुचलं, तोवर देशभर पुरुषांची निवड होऊन गेली होती. नावही बदलत गेलं. शेवटी योजना कागदावरच उरली.

तीन महिन्यांचं प्रशिक्षण दोन्हीकडे देता आलं असतं. फरक पडला तो नंतर. दर आठवड्याला कुणी येतं का, वही कुणी पाहतं का, चुकलं तर तिथेच समजावून सांगतं का, औषध संपलं तर किती दिवसांत येतं आणि पाठवलेल्या रुग्णाचं काय झालं ते कळतं का. वढूत आणि जामखेडमध्ये या प्रश्नांना उत्तर देणारा माणूस ठरलेला होता. देशभरच्या योजनेत प्रत्येक प्रश्नाचं उत्तर वेगळ्या टेबलावर होतं.

मुलींकडे वळलेली नजर

कोयाजींच्या कामातला पुढचा टप्पा मला स्वतःला सर्वांत जास्त महत्त्वाचा वाटतो. १९८०च्या दशकाच्या अखेरीस केईएमने ग्रामीण भागातल्या किशोरवयीन मुली आणि तरुण स्त्रियांसाठी आरोग्य आणि विकासाचा वेगळा कार्यक्रम हाती घेतला. शाळा सुटलेल्या, लवकर लग्न होणाऱ्या मुली. आयुष्यभर बाळंतपणं केलेल्या डॉक्टरने या वयाकडे वळणं स्वाभाविक होतं. सोळाव्या वर्षी लग्न, सतराव्या वर्षी पहिलं मूल, अंगात रक्त नाही, ही साखळी प्रसूतिगृहात तोडता येत नाही. ती पाच-सहा वर्षं आधी, शाळेच्या आणि स्वयंपाकघराच्या मधल्या वयात तोडावी लागते.

त्यांच्या इतर भूमिका थोडक्यात सांगतो. 'सकाळ' वृत्तपत्राच्या संचालक मंडळावर त्या बरीच वर्षं होत्या. १९८९ मध्ये पद्मभूषण मिळाला. आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे मिळाला होता १९७९ मध्ये, कोयाजींना तो १९९३ मध्ये मिळाला. म्हणजे गावातल्या बाईला आरोग्याचं काम शिकवणाऱ्या दोन वेगळ्या प्रयोगांना, शेजारशेजारच्या दोन जिल्ह्यांत, चौदा वर्षांच्या अंतराने आशियातला मोठा सन्मान मिळाला. त्याचं आपल्याकडे म्हणावं तेवढं कौतुक झालेलं नाही. जुलै २००४ मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं.

त्यानंतर काय झालं?

एप्रिल २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि त्यातून आशा स्वयंसेविका आल्या. यावेळी फक्त स्त्रिया, त्याच गावात राहणाऱ्या, हजार लोकवस्तीमागे एक. वीसेक आशांमागे एक गटप्रवर्तक. १९७७च्या चुका बऱ्याच अंशी टाळलेल्या दिसतात. २०१३ मध्ये शहरी अभियान आलं आणि महापालिकांच्या वस्त्यांतही आशा दिसू लागल्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी सिद्ध केलेली घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत आशांच्या कामात आली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जाते. महाराष्ट्रात २०२० मध्ये बालमृत्यूचं प्रमाण दर हजारी १६ पर्यंत खाली आलं. याचं श्रेय एकट्या कुणाचं नाही, रस्ते, शिक्षण, लसी, सगळ्यांचं आहे. पण दारापर्यंत पोहोचणारी बाई त्यात मोठी.

मानधनाचा प्रश्न मात्र जुनाच राहिला. आशा अजूनही कागदोपत्री स्वयंसेविका आहेत, बरंचसं उत्पन्न कामागणिक मोबदल्यावर. २०२३ आणि २०२४ मध्ये राज्यातल्या आशांनी दीर्घ संप केले, तेव्हा कुठे राज्याच्या वाट्याचं मानधन वाढलं.

आणि वढूचं काय? गाव आता शेतीपुरतं राहिलेलं नाही. सणसवाडी, कोरेगाव भीमा, शिक्रापूर हा सगळा पट्टा कारखान्यांचा झाला. २००२ पासून केईएमच्या संशोधन केंद्राने इथल्या शिरूर आणि हवेली तालुक्यांतल्या २२ गावांत प्रत्येक घराची नोंद ठेवायला सुरुवात केली. जन्म, मृत्यू, कोण आलं, कोण गेलं. ठरावीक काळाने कार्यकर्ते पुन्हा त्याच दारात जातात. याच पायावर इथे देशी रोटाव्हायरस लशीची चाचणी दिल्ली आणि वेल्लोरबरोबर होऊ शकली. २०१६ पासून ही लस सरकारी लसीकरणात आहे. तुमच्या बाळाला महापालिकेच्या दवाखान्यात जे रोटाचे थेंब दिले जातात, त्यामागे भीमेकाठच्या या गावांतल्या आयांचा वाटा आहे.

चाकण पट्ट्यात अडचण कुठे आहे?

वढूचा प्रयोग एका जागी राहणाऱ्या लोकांसाठी होता. कार्यकर्ती त्याच गावची, रुग्णही त्याच गावचा. आपल्या पट्ट्यात यातली दुसरी गोष्ट खरी नाही. बीड, लातूर, नांदेड, बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेली कुटुंबं खोली बदलतात, ठेका संपला की गाव बदलतात.

मोशीतून नाशिक रस्त्याने इंद्रायणीचा पूल ओलांडला की चिंबळी फाटा येतो. पुलाच्या अलीकडे पिंपरी-चिंचवड महापालिका, पलीकडे खेड तालुका आणि जिल्हा परिषद. भाडं परवडत नाही म्हणून सहाव्या महिन्यातली गरोदर बाई मोशीतून कुरुळीला गेली, तर दोन-चार किलोमीटरच्या या अंतरात तिची आशा बदलते, उपकेंद्र बदलतं, वरचं कार्यालय बदलतं. मोशीच्या आशाला वाटतं ती गावी गेली. कुरुळीच्या आशाला ती आलेली माहीतच नसते. सातव्या महिन्यात रक्तदाब वाढला, तर तो मोजणारं कुणी नसतं. त्यातून अनेकजणी बाळंतपणाला माहेरी जातात आणि बाळ दोन महिन्यांचं झालं की परततात. तिकडच्या लसींची नोंद इकडे कशी कळणार? मोठ्या आजारासाठी सगळे धावतात वायसीएमला, तिथे आधीच गर्दी.

यासाठी व्यवस्था अगदीच नाही असं नाही. गरोदरपणाची नोंद झाली की आरसीएच पोर्टलवर एक क्रमांक मिळतो आणि तो राज्याबाहेरही चालतो. बाळाच्या लसींसाठी यू-विन आहे. क्रमांक पुढच्या माणसाने मागितला आणि उघडून पाहिला, तरच त्याचा उपयोग. ही माहिती नदीच्या दोन्ही काठांच्या आशांच्या फोनवर आपोआप पोहोचेल, अशी सोय झाली तर बरंच काही सुटेल. कोयाजींच्या काळात हे काम परिचारिकेच्या वहीतून होत होतं.

तोवर तुमच्या घरात, शेजारी किंवा तुमच्या कंपनीतल्या ठेक्याच्या कामगारांत कुणी गरोदर असेल, तर या गोष्टी लक्षात ठेवा. माता-बाल संरक्षण कार्ड खोली बदलताना सामानाच्या तळाशी टाकू नका, त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा. खोली सोडण्याआधी जुन्या आशाताईंना नवा पत्ता सांगा, नव्या ठिकाणी अंगणवाडीत विचारलं की तिथल्या आशाचं नाव कळतं. तातडीच्या वेळी १०८, गरोदर माता आणि तान्ह्या बाळांसाठी १०२. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, औषधं, तपासण्या आणि घरी सोडायची गाडी जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. त्यासाठी महाराष्ट्राचं रेशन कार्ड लागत नाही.